आपल्या माणसाचा जबाब: आठवणी लिहून ठेवायची एक पद्धत

माणूस गेल्यावर तेराव्यापर्यंत घर भरलेले असते. त्या दिवसांत लोक जे बोलतात ते पुन्हा कधी बोलत नाहीत. म्हणून आठवणी लिहून ठेवायच्या असतील तर वर्षश्राद्ध महिन्यावर आल्यावर नव्हे, तिथूनच सुरुवात करा. घरातल्या ज्या माणसामागे विधींची धावपळ नाही, त्याच्या हाती एक दोनशे पानी वही द्या. भेटायला येणाऱ्याचे नाव, फोन नंबर, ओळख कुठली आणि त्याने सांगितलेली एखादी गोष्ट, एवढेच त्यात उतरवायचे. सविस्तर नंतर विचारता येते. पण कोणाला विचारायचे हे त्या वहीतूनच कळते.

आमचे काका सोलापूरच्या न्यायालयात लघुलेखक होते. तिथे त्यांना सगळे स्टेनोसाहेब म्हणत. नोकरीची बहुतेक वर्षे सोलापुरात गेली, मधे बदलीने बार्शी आणि पंढरपूर झाले. दुसरा नाद जुन्या वस्तूंचा. तो नोकरीतच लागला आणि निवृत्तीनंतर घराच्या माडीवर पाय ठेवायला जागा राहिली नाही. शॉर्टहँड मी त्यांच्याकडेच शिकले, आज सोलापूरच्या पूर्व भागात टायपिंगचा क्लास चालवते ती त्यांच्याच पुण्याईने. त्यामुळे ते गेल्यावर त्यांच्या आठवणींची पुस्तिका लिहायची जबाबदारी काकू आणि दादाने माझ्यावर टाकली. मी ती कोर्टात साक्ष नोंदवतात त्या पद्धतीने लिहिली. माझे ठाम मत आहे, कुणाच्याही आठवणी अशाच लिहाव्यात.

कोर्टात साक्षीदाराने स्वतः पाहिलेले, स्वतः ऐकलेले सांगायचे असते. लोकांकडून कानावर आलेले चालत नाही. पुराव्याच्या कायद्याचा हा मूळ नियम १८७२ च्या जुन्या कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. आठवणींनाही हाच नियम लावा. 'ते फार सज्जन होते' ही आठवण नव्हे, हा निष्कर्ष झाला. निष्कर्ष काढायचे काम वाचणाऱ्याचे. तुम्ही विचारा, 'तुम्ही काय पाहिलंत?'

काकांच्या कोर्टातले निवृत्त पट्टेवाले आले तेव्हा पहिले वाक्य हेच होते, 'साहेब फार शिस्तीचे.' मी म्हटले, 'म्हणजे काय करायचे, मामा?' ते थोडे थांबले. मग म्हणाले, कार्बन पेपर एका बाजूने पुसट झाला की साहेब तो टाकत नसत. खालचे टोक वर करून लावत, म्हणजे दोन ओळींमधली न वापरलेली शाई टाइपाखाली येते. नव्या कारकुनाला पहिल्या दिवशी हेच शिकवत. दुसरी गोष्ट, साक्ष देताना एखादी बाई रडायला लागली की साहेबांचा हात थांबायचा, मान खालीच असायची. ती बोलायला लागली की हात पुन्हा चालायचा. तोपर्यंत साहेबांनी कधी वर पाहिले नाही. मामा तीन-चार हात अंतरावर दाराशी उभे असत, त्यांनी हे वर्षानुवर्षे पाहिले होते. 'शिस्तीचे' या शब्दात यातले काहीच नव्हते.

सूचक प्रश्न टाळा. 'काका कडक होते ना?' असे विचारले की समोरचा मान डोलावतो आणि विषय तिथेच संपतो. वकिलालाही आपल्या साक्षीदाराच्या सरतपासात असे प्रश्न विचारू देत नाहीत. 'त्यांच्याबरोबरचा एखादा दिवस सांगा', 'शेवटची भेट कुठे झाली', 'त्यांनी तुमच्याकडून पहिली वस्तू कोणती घेतली', असे विचारा आणि गप्प बसा. गप्प बसणे यातले सर्वांत अवघड काम आहे. आपल्या माणसाविषयी आपल्यालाही बोलायचे असते, मध्येच आपली आठवण सांगावीशी वाटते. ती जपून ठेवा, तुमची पाळी नंतर येईल.

साक्षीदार निवडताना नात्याबाहेर जा. नातेवाइकांनी माणूस घरात पाहिलेला असतो. काकांच्या बाबतीत बेलिफ, शिरस्तेदार, नकला विभागातले कारकून, वकिलांचे जुने कारकून, कोर्टाबाहेरचा चहावाला आणि टाइपरायटर दुरुस्त करणारे मिस्त्री यांनी जे सांगितले ते काकूंनाही नवे होते. वस्तूंच्या बाजूने कासार, घड्याळजी आणि भंगारवाले. भंगारवाल्या चाचांनी एका वाक्यात काकांचा सगळा नाद सांगितला: 'साब पैले हात में लेको वजन देखते थे, भाव बाद में पूछते.' हे वाक्य मी तसेच ठेवले. सोलापुरात एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी ऐकू येते. ज्याने ज्या बोलीत सांगितले त्या बोलीतच लिहा, हवे तर खाली मराठीत अर्थ द्या. सगळ्यांची भाषा पुस्तकी केली तर सगळे साक्षीदार एकाच तोंडाने बोलल्यासारखे वाटतात.

तारखा विचारू नका, कुणाला आठवत नाहीत. खुणा विचारा. 'बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर?' 'किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही कोणत्या कोर्टात होता?' ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट आमच्या भागातला कुणी विसरलेला नाही, आणि तिच्या मागेपुढे बाकीच्या घटना लावता येतात. 'गिरणी चालू होती का तेव्हा?' हा प्रश्न सोलापुरात हमखास चालतो. काकांची बार्शीची बदली आम्हाला अशीच लावता आली. तेव्हा बार्शी लाइट रेल्वेची छोटी (नॅरोगेज) गाडी होती आणि कुर्डुवाडीला गाडी बदलताना त्यांनी फलाटावरच्या एका म्हाताऱ्याकडून पितळी पानाचा डबा घेतला होता. छोटी गाडी कधी बंद झाली ते रेल्वेच्या नोंदीत सापडते, म्हणजे डबा त्याआधीचा.

माणसाच्या वर्षातले ठरलेले दिवसही लिहा. काका १२ जानेवारीला सोलापूरच्या 'चार हुतात्मा चौका'त सकाळी जाऊन यायचे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १९३१ साली त्याच दिवशी येरवड्याला फाशी दिली गेली. कोर्टात काम करणाऱ्याने हे चार पुतळे पाहून मग आत जावे, असे ते म्हणायचे. दुसऱ्या दिवसापासून सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या नंदीध्वजांची गडबड, मग गड्डा, म्हणजे यात्रेची जत्रा. त्यांचा जानेवारी असाच जायचा.

एखाद्याचा जबाब लिहून झाला की त्याला वाचून दाखवा. साक्षीखाली कोर्टात लिहितात, 'वाचून दाखविले, बरोबर आहे', आणि साक्षीदार सही करतो. मी प्रत्येकाच्या कथनाखाली तेच लिहिले आणि सही घेतली. वाचून दाखवताना लोक हमखास भर घालतात. 'नाही, तेव्हा पाऊस नव्हता, ऊन होतं', असे म्हणता म्हणता मूळ गोष्टीपेक्षा मोठी गोष्ट बाहेर येते. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर मिटवू नका. दोन्ही तसेच ठेवा, नावांसह.

आता कागद. सरकारी नोकरी केलेल्या माणसाचा सांगाडा त्याच्या कागदांत आयता मिळतो: सेवापुस्तकाची प्रत, बदल्यांचे आदेश, पेन्शनचे कागद, परीक्षांची प्रमाणपत्रे. टंकलेखनाच्या प्रमाणपत्रावर मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांचा वेग असतो, लघुलेखनाच्या ६०, ८०, १००, १२० असा. ही प्रमाणपत्रे वर्षांच्या क्रमाने लावली की माणूस किती वर्षे संध्याकाळी क्लासला जात होता ते दिसते. १९९८ मध्ये जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली, तेव्हा पिटमन या इंग्रजी लघुलेखन पद्धतीवर हात बसलेल्या माणसांना मराठी लघुलेखन पक्के करावे लागले. काकांच्या फायलीत तेव्हाच्या सरावाची पाने निघाली. पन्नाशीच्या जवळ आलेला माणूस रोज रात्री वर्तमानपत्राचा अग्रलेख काकूंना वाचायला सांगून उतरवून घेत होता. काकू म्हणाल्या, 'माझं वाचन तेव्हाच सुधारलं.'

अलीकडच्या निकालपत्रांचे शेवटचे पान आवर्जून पाहा. आमच्याकडे जिल्हा न्यायालयांच्या ज्या पीडीएफ प्रती संकेतस्थळावर येतात, त्यांच्या शेवटी मजकूर मूळ प्रतीशी शब्दशः जुळतो अशी लघुलेखकाची ग्वाही आणि नाव असते. निकाल सांगितला कधी, टंकलिखित झाला कधी, तपासून सही झाली कधी, या तारखाही असतात. निकाल न्यायाधीशांच्या नावाने ओळखला जातो. लघुलेखकाचे नाव एवढ्याच ओळीत. पुस्तिकेत अशी एक ओळ नक्की घ्या, पण पक्षकारांची नावे झाकून.

ही झाकण्याची गोष्ट गांभीर्याने घ्या. लघुलेखकाच्या वह्यांत लोकांच्या आयुष्यातले सर्वांत वाईट दिवस असतात. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यातल्या पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचे कलम ७२, पूर्वीचे भा.दं.वि. २२८ अ. पण कायदा नसता तरी काकांनी ते चालू दिले नसते. घरी त्यांनी कधी एकाही खटल्यातले नाव घेतले नाही. म्हणून आम्ही ठरवले: खटले लिहायचे नाहीत, खटल्यांत काम करणारा माणूस लिहायचा. घरी एखादी ऑफिसची वही सापडली तर ती कार्यालयाला परत द्या. सरावाच्या वह्या तुमच्या.

शॉर्टहँडच्या वह्या असतील तर वेळ घालवू नका. पिटमन पद्धतीत रेघ जाड की बारीक आणि ओळीच्या वर, ओळीवर की ओळीतून, यावर शब्द ठरतो. स्वर बहुधा गाळलेले असतात. त्यात प्रत्येक लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या काही खुणा असतात, ज्या फक्त त्याच्याबरोबर काम केलेल्याला कळतात. असे लोक आता सत्तरीच्या पुढे आहेत. काकांच्या सरावाच्या वह्या मला वाचता आल्या, तरी काही आकृती त्यांच्या एका सहकाऱ्यांकडेच उलगडल्या. वहीचे पान वाचून झाल्यावर समोर मराठीत लिहून घ्या आणि दोन्ही पानांचा शेजारी शेजारी फोटो काढा. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद करून. शिशाची रेघ फ्लॅशमध्ये चकाकते आणि बारीक-जाड कळत नाही. गंजलेल्या टाचण्या आणि पिना काढून टाका. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कदापि लावू नका, आमच्या उन्हाळ्यात तिचा गोंद पिवळा होऊन कागदात उतरतो. सुती कापडात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवा, माळ्यावर नको, तिथे मे महिन्यात भट्टी असते.

वस्तूंकडे येते. इथे माझे सगळ्यांत जास्त सांगणे आहे.

पहिले वर्ष काहीही विकू नका आणि काहीही देऊ नका. काकांना जाऊन दोन आठवडे झाले नव्हते तोच एक व्यापारी आला. 'सगळं एकरकमी उचलतो, तुमची माडी मोकळी होईल', म्हणाला. काकूंचे दुःख ताजे होते, माडीवर जाववत नव्हते, त्या हो म्हणणार होत्या. दादा आडवा आला म्हणून वाचले. शोकात असलेल्या घरी ठोक भाव घेऊन जाणे ही फार वाईट गोष्ट आहे आणि ती सर्रास चालते.

मग नोंदवही करा, कोर्टातल्या मुद्देमालाच्या रजिस्टरासारखी. अनुक्रमांक, वस्तू, माप आणि वजन, अंगावरचा मजकूर, कुठून कोणाकडून आली, हे कोण सांगते, आता कुठे ठेवली. प्रत्येक वस्तूला सुती दोऱ्याने कागदी चिठ्ठी बांधा, त्यावर फक्त क्रमांक. चिकटवू नका. फोटो काढताना क्रमांक फोटोत दिसू द्या आणि शेजारी पट्टी ठेवा.

नोंद होईपर्यंत काहीही घासू नका. तांब्या-पितळेची भांडी पाहिली की घरातल्या बायका चिंच आणि पावडर घेऊन बसतात, प्रेमानेच. पण काकांच्या भांड्यांत जीव होता तो त्यांच्यावरच्या नावांत. पूर्वी भांडे घेतले की कासाराकडून छिन्नीने ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालून घेत: कोणाचे, कोणी दिले, कोणत्या निमित्ताने, कधी शके, कधी गावही. मोडीत निघालेल्या भांड्यांच्या ढिगात काका ही नावे वाचत बसायचे. परक्यांची नावे असलेली भांडीच ते घ्यायचे, कोरी कधी नाही. त्यांच्याकडे एक पितळी तपेले आहे, काठ दबलेला, बुडाला कल्हईचा तुकडा. खांद्याखाली बोटाने चाचपले तर ठिपके लागतात: एका सौभाग्यवतीचे नाव, 'लग्नात मामाकडून', शके १८६१. शकात ७८ मिळवा, इसवी सन १९३९ येते. (पौषाच्या सुमारास इंग्रजी वर्ष बदलते, तिथून शक संपेपर्यंत ७९.) ती बाई कोण, तिचे तपेले भंगारात कसे आले, कोणालाच माहीत नाही. काकांनी ते वीस-पंचवीस वर्षे देवघराच्या बाजूला ठेवले होते. घासघासून ठिपके झिजतात, मग नाव जाते. पुसट नाव वाचायचे तर भांडे कोरड्या मऊ फडक्याने पुसा, वर पातळ कागद धरा आणि पेन्सिलीचे टोक आडवे करून हलक्या हाताने फिरवा. अक्षरे कागदावर उमटतात. तो कागद नोंदवहीला जोडा.

आम्ही पुस्तिकेत या भांड्यांना एक अख्खे प्रकरण दिले. दिवसभर परक्या माणसांचे शब्द नेमके उतरवायचे आणि संध्याकाळी परक्या माणसांची नावे भंगारातून उचलून घरी आणायची, हा एकाच माणसाचा स्वभाव आहे. तुमच्या माणसाच्या कामात आणि नादात अशी जागा असतेच. ती शोधा, आठवणींना कणा मिळतो.

घड्याळांचे वेगळे. भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ उतरवण्याआधी लंबक काढा, नाहीतर तो ज्या बारीक पातीला लटकतो ती वाकते. चावीची दोन भोके असतील तर साधारणपणे उजवे चालण्याचे आणि डावे ठोक्यांचे. बंद घड्याळाला जोराने चावी देऊ नका. घड्याळजीकडे नेलेत तर आतल्या पत्र्यावर पूर्वीच्या कारागिरांनी खरवडलेल्या तारखा त्याला वाचायला सांगा, त्या घड्याळाचा इतिहास असतात. टाइपरायटरचा नंबर त्याच्या सांगाड्यावर कोरलेला असतो, तो टिपून ठेवा. गोदरेजने १९५५ मध्ये देशी बनावटीचा टाइपरायटर आणला. काकांकडचा गोदरेज जिवंत आहे आणि माझ्या क्लासमधल्या मुली त्यावर हात फिरवून पाहतात.

कायदा थोडक्यात. पुरावस्तूंचा केंद्रीय कायदा १९७२ चा आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू धरली जाते, हस्तलिखितांना मर्यादा ७५ वर्षांची. दगडी, धातूच्या, लाकडी मूर्ती, जुनी चित्रे आणि सचित्र पोथ्या घरात असतील तर त्यांची नोंदणी लागते आणि मालक बदलला की कळवावे लागते. भांडी, घड्याळे, अडकित्ते नोंदणीच्या यादीत नाहीत. पण शंभरी ओलांडलेली कोणतीही वस्तू परदेशी नेता येत नाही, अमेरिकेतल्या नातवाने मागितली तरी. हस्तिदंताची खरेदी-विक्री बंद आहे. काकांची फाईल या बाबतीत चोख होती, तशी सगळ्यांची नसते, म्हणून आधी पाहा.

वाटप करताना वस्तू त्याला द्या ज्याच्याकडे तिची गोष्ट आहे. कुर्डुवाडीचा पानाचा डबा बार्शीच्या सहकाऱ्यांकडे गेला, कारण ते तेव्हा फलाटावर होते. संग्रहालयाला देणार असाल तर लेखी पोच घ्या आणि नोंदवहीची प्रत सोबत द्या. पुण्याचे केळकर संग्रहालय दिनकर केळकरांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभे केले आणि १९७५ मध्ये शासनाकडे सोपवले. काका तिथल्या अडकित्त्यांसमोर तास न् तास उभे राहायचे.

लिहिताना उणे गाळू नका. काकूंनी मला सांगितले, 'लिही, दिवाळीचा बोनस एका वर्षी सगळा घड्याळात गेला आणि पोरांना कपडे झाले नाहीत. मी चार दिवस बोलले नाही.' मी विचारले, छापू का? त्या म्हणाल्या, 'छाप. ते असतानाही मी चारचौघांत सांगितलंय.' त्यांची सही आहे खाली. ज्याला दुखेल त्याला आधी विचारायचे, एवढे पथ्य पाळा. गोड गोड लिहिलेली पुस्तिका घरातलेच वाचत नाहीत.

लांबी साठ-सत्तर पानांत आटोपा. अक्षर मोठे ठेवा, वाचणारे बहुतेक म्हातारे असतात. नवी पेठेतल्या कुठल्याही डीटीपीवाल्याकडे काम होते. मुद्रिते मात्र दोघांनी वाचा: एकाने मोठ्याने, दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवून. काका निकालपत्रे अशीच तपासत. एक प्रत गावातल्या वाचनालयात द्या, एक पीडीएफ करून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाका.

आणि शेवटी आठ-दहा पाने कोरी सोडा, वर फक्त 'पुरवणी जबाब' असे छापून. पुस्तिका हातात पडली की लोकांना खरे आठवायला लागते. आमच्याकडच्या प्रतीत पहिली पुरवणी काकूंची आहे, त्यांच्या अक्षरात: दिवाळीच्या घड्याळाची खरी किंमत, काकांनी घरी सांगितली होती त्याच्या दुप्पट. घड्याळजीने तेराव्याला सांगितली म्हणे. खाली तारीख, आणि 'वाचून दाखविले, बरोबर आहे' हेही त्यांनीच लिहिले आहे.